उजव्या खिशात

गुरुवारी चार वाजता,
फोंड्याला, बेकरीच्या वरच्या मजल्यावर
डॉ. इमेल्दा कुलासोंच्या खोलीत पहिल्यांदा शिरले
तेव्हा दार कुरकुरलं, मी दाराला सॉरी म्हटलं.
मग खुर्चीला.
त्यांनी पाणी दिलं. त्याबद्दलही.

त्या काही बोलल्या नाहीत.
खणातून मूठभर चिंचोके काढले:
हे डाव्या खिशात ठेवा,
दर सॉरीला एक उजव्या खिशात.
थांबवायचं नाही. नुसतं मोजायचं.

मनात म्हटलं, एवढ्यासाठी आठशे रुपये.
माझ्या कुर्त्याला एकच खिसा होता,
ते सांगायचंही राहिलं.
उजवा मी रात्री घरी शिवला,
घरात होतं त्या हिरव्या कापडाचा.

शुक्रवारी एकेचाळीस.

मडगावला चष्म्याच्या दुकानात असते मी.
दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलते.
आता बरं दिसतं, की आधीचं बरं होतं?
लोक किती निवांत सांगतात. आधीचं. आताचं. सारखंच.
धूसर दिसण्याची कुणी माफी मागत नाही.
मी मात्र सुटे नसले की सॉरी,
वीज गेली की सॉरी,
जणू मीच खांबावर चढून तार तोडून आले.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी विचारलं,
"माझ्यानं व्हायचं नाही" म्हणता
तेव्हा आवाज कुणाचा असतो?
मी हसले. माझाच की.
मग परतीच्या बसमध्ये, बोरीच्या पुलावर,
जुवारी खाली सपाट पसरलेली असताना
तो ऐकू आला.

चवथीचा आदला दिवस. माटोळी बांधायची.
मी आठ वर्षांची, स्टुलावर, हातात आंबाड्यांचा घोस.
तो निसटला, समईवर पडला, तेल सांडलं.
"तुज्यान जावचें ना," विश्रामकाका म्हणाले.
ओरडून नाही. सहज,
माझ्या हातातली दोरी घेता घेता.
पुन्हा त्यांनी कधीच म्हटलं नाही.
गरजच पडली नाही.
सत्तावीस वर्षं ते काम मी
बिनपगारी करत आले.

हे सांगताना मी रडले नाही.
त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला,
मी परत सरकवला.
त्याची सॉरी झाली नाही, हे जिन्यात लक्षात आलं.

खूप बदललं असं लिहायला आवडलं असतं.
तुम्ही छान आहात, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.
म्हटलं असतं तर मी परत गेलेच नसते;
कौतुक मला ठाऊक आहे,
पुढच्या चुकीचा तो आगाऊ हप्ता असतो.
त्या फक्त वाक्यात मध्येच थांबवायच्या:
याला पुरावा काय?
कुणी पाहिलं?
तुमच्या भाचीच्या हातून सांडलं असतं तर?

काही गुरुवार फुकट गेले.
एका सोमवारी त्रेपन्न.
काकांच्या बाराव्याला मी मोजलंच नाही.

चिंचोके आता अकरा उरलेत.
दोन धुण्यात गेले,
एक भाचीने चावून पाहिला,
बाकीच्यांचा हिशेब लागत नाही.

काल फीची पावती घेतली.
नऊ महिने बाहेरच्या टेबलावरची मुलगी लिहिते:
निरुपमा च्यारी.
नऊ महिने मी ती दुमडून पर्समध्ये टाकते.
काल अर्धा जिना उतरले.
खालून पावांचा गरम वास येत होता.
परत वर गेले.

"माझं नाव निरुपा. मा नाही त्यात."

"सॉरी हां," ती म्हणाली,
आणि माझा हात आपसूक खिशात गेला.
एक तिला द्यावासा वाटला.
दिला नाही.
नवी पावती तिथेच उभी राहून वाचली, दोनदा.
साडेपाचची बस चुकली.